तळाचे मणी

त्या साली कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. शेतात उभा होता तो थोडाफार ऊस चारा छावण्यांकडे गेला आणि सहकारी साखर कारखान्याच्या सभेनं यंदा गाळप करायचं नाही असं ठरवून टाकलं. कामगार घरी बसले. प्रयोगशाळेत मात्र सत्यभामाला ठेवलं होतं. यंत्रं बंद पडू द्यायची नाहीत, एवढंच तिचं काम. सकाळी येऊन ती कुलूप काढायची, तराजूवरचं झाकण बघायची, पीएच मीटरच्या काचेच्या नळीचं टोक खारट द्रावणात बुडलेलं आहे ना ते पाहायची. ते टोक वाळलं की नळी वाया जाते. मग दिवसभर खिडकीतून ऊसगाड्यांचा रिकामा अड्डा दिसत राहायचा.

सत्यभामाचं आजोळ लिंबागणेशच्या पुढं डोंगरातल्या एका वाडीत. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि ती आजीजवळ राहायची, त्यामुळे तिचं लहानपण तिथंच गेलं. वाडीच्या बोअरचं पाणी चवीला चांगलं होतं, पण त्यात फ्लोराइड होतं. सत्यभामाच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटले ते त्या पाण्यानं. आजी पन्नाशीतच वाकली आणि शेवटी तिला मान वळवून मागं बघता येईना. कुणी हाक मारली तर ती सगळीच्या सगळी वळायची. हे पाण्यामुळं होतं, हे वाडीला फार उशिरा कळलं.

कळल्यावर पुढं आल्या त्या मुक्ताबाई. घर मोठ्या जमिनीचं, दीर पंचायत समितीवर, आणि त्यांचं स्वतःचं बोलणं असं की समोरचा आधी ऐकून घ्यायचा आणि मग विचार करायचा. त्यांनी बायकांची पाणी संस्था काढली, दारोदार फिरून सभासद केले आणि शाळेच्या मागं फिल्टर बसवला. पुरुषभर उंचीची स्टीलची टाकी आणि तिच्यात मोहरीएवढे पिवळसर मणी. मणी ठरलेल्या दिवशी तुरटीच्या पाण्यानं धुवायचे. तुरटीतलं ॲल्युमिनियम मण्यांना चिकटून बसतं आणि मग बोअरचं पाणी वरून सोडलं की ते ॲल्युमिनियम पाण्यातलं फ्लोराइड पकडून ठेवतं. खाली तोटीला जार लावायचा आणि घरी न्यायचा. टाकी सांभाळायला उत्तरेश्वर होता. सत्यभामाच्या आईच्या भावकीतला, म्हणून ती त्याला मामा म्हणायची.

संक्रांतीला सत्यभामा आजोळी गेली तेव्हा सवयीनं तिनं फिल्टरच्या तोटीचं पाणी तपासलं. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग गुलाबी राहिला तर पाणी ठीक. त्या दिवशी रंग पिवळा झाला. तिनं नळी विसळली आणि पुन्हा केलं. पुन्हा पिवळाच.

"काय गं, आसं काय बघायलीस?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"मामा, तुरटीची धुणी कवा केलती?"

"परवाच केली की. एक बी पाळी चुकवली न्हाई मी."

ते खरं होतं. टाकी बाहेरून लख्ख पुसलेली, तोटीला फडकं बांधलेलं, खालची फरशी झाडलेली. सत्यभामानं शिडी लावून वरचं झाकण उघडलं आणि वाकली. नाकात ब्लिचिंग पावडरचा वास शिरला, डोळ्यांना झोंबला.

दुष्काळ पडल्यापासून बोअर आटत चाललं होतं. म्हणून सरकारी टँकर यायचा आणि बोअर आणि टँकर दोन्हींचं पाणी एकाच हौदात पडायचं. हौदातून मोटारीनं ते टाकीवर चढायचं. टँकरचं पाणी कुठल्या तळ्यातून येतं कुणास ठाऊक, म्हणून हौदात टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकायची, असा संस्थेचा ठराव होता. सगळ्या गावांत टाकतात तशीच. सत्यभामा झाकणाजवळ तशीच उभी राहिली. तिच्या मनात काहीतरी आलं, पण ते तोंडातून काढायची तिची तयारी नव्हती.

"मामा, मला थोडे मणी पायजेत. वरचे, आन् पाईप जाईल तितक्या खोलातले."

"घे की. पर काय करतीस त्याचं?"

"मोजते."

"मणी?"

"मणी न्हाई. मण्यांवर जे आसतं ते."

उत्तरेश्वरनं तिच्याकडं बघितलं. त्याला कुतूहल वाटलं आणि थोडी धास्तीही. "मग मी बी येतो उद्या कारखान्यावर," तो म्हणाला. "माझी टाकी हाय."

दुसऱ्या दिवशी नेकनूरवरून एसटीनं तो आला, हातात पिशवी, पिशवीत मण्यांच्या दोन डब्या. सत्यभामाकडं तिसरी डबी होती, टाकी बसवली तेव्हा उरलेल्या नव्याकोऱ्या मण्यांची. तिनं तिन्ही प्रकारचे मणी आधी आम्लानं धुतले. त्यानं मण्यांवरचं ॲल्युमिनियम निघून गेलं. मग शुद्ध पाण्यानं धुतले, ओघळणारं पाणी आंबट राहीना तोवर. उत्तरेश्वर स्टुलावर बसून बघत होता.

"आता ऐका मामा," ती म्हणाली. "मणी नुसता मणी हाय. फ्लोराइड काय, तुरटी काय, त्याला धरता येत न्हाई. धरतात त्याच्यावरच्या खुंट्या. दावणीला कशा आसतात तशा. आमच्या पुस्तकात त्याला क्रियात्मक गट म्हणतात. डोळ्यानं दिसत न्हाईत, दुर्बिणीनं बी न्हाई. पर आता मी सगळ्या खुंट्यांना आम्ल बांधून ठेवलंय. वरून क्षाराचं, म्हंजी कॉस्टिक सोड्याचं, पाणी थेंबथेंब सोडायचं. जितक्या खुंट्या, तितकं ते खर्ची पडणार. खुंट्या संपल्या की ह्या मीटरचा आकडा उडी मारणार."

तिनं नव्या मण्यांपासून सुरुवात केली. मिठाच्या पाण्यात मणी, त्यात काचेची नळी बुडवलेली, वर थेंब सोडायची उभी बारीक नळी. थेंब पडला की मीटरचा आकडा वर जायचा आणि मग सावकाश खाली यायचा. क्षार मण्याच्या पोटात शिरायला वेळ घेतो. आकडा ठरला की पुढचा थेंब. घाई केली की आकडा खोटं बोलतो, हे तिच्या सरांचं वाक्य. एमेस्सीला तिनं हाच विषय घेतला होता तेव्हा वर्गातल्या पोरी म्हणायच्या, तुझ्या कामाला काम म्हणावं की उपवास. नव्या मण्यांनी क्षार घेतला, घेतला, घेतच राहिले. सकाळ उलटून गेली तरी आकडा फिरून जागेवरच यायचा. उत्तरेश्वरनं भाकरी सोडली, तिला अर्धी दिली, दोघांनी उभ्याउभ्या खाल्ली. मग कधीतरी आकड्यानं झेप घेतली.

"हे नवे," ती म्हणाली. "आता वरचे."

वरच्या मण्यांत पहिलेच काही थेंब पडले आणि आकडा सरळ चढला. तो खाली आलाच नाही. तिनं वाट पाहिली. उत्तरेश्वरही वाकून बघायला लागला, जणू त्याच्या बघण्यानं आकडा उतरणार होता.

"खुंट्याच न्हाईत," सत्यभामा म्हणाली.

"न्हाईत म्हंजी?"

"गेल्या. मणी हाय, खुंट्या गेल्या."

पाईपानं काढलेल्या मधल्या मण्यांत थोडं अधिक होतं, पण फार नव्हे. तुरटीनं धुतलं तरी तुरटी धरायला काही उरलंच नव्हतं. उत्तरेश्वरनं वरच्या मण्यांची डबी हातात घेऊन आत बघितलं. मग त्यानं स्वतःच विचारलं.

"सत्ये, कशानं गेल्या?"

तिनं मीटर बंद केला, नळी पुसली, द्रावणात बुडवली. खोटं सांगता आलं असतं. माल जुना होता म्हणता आलं असतं.

"क्लोरीननं, मामा. ब्लिचिंगमदी क्लोरीन आसतो. ह्या जातीच्या मण्याला तो चावतो. मारायला टाकतो आपण जंतू, आन् जाताजाता तो खुंट्या बी तोडतो. पाणी वरून पडतं, म्हणून वरच्या सगळ्यात आधी गेल्या."

उत्तरेश्वरच्या बायकोला गॅस्ट्रोनं नेलं होतं. आदल्या उन्हाळ्यात, टँकर सुरू झाल्याच्या दिवसांतच. दुपारी जुलाब लागले आणि पाटोद्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्यात काही उरलं नव्हतं. तेव्हापासून तो पावडर मोजून टाकायचा नाही. मूठ भरून टाकायचा आणि वर अजून एक. हे सत्यभामाला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं की तिला माहीत आहे.

"मला तो वास आला की जीव थाऱ्यावर यायचा," तो म्हणाला. मग पिशवी उचलून निघाला. सत्यभामा फाटकापर्यंत मागं गेली, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो टाकीवर आला नाही. चावी मुक्ताबाईंच्या घरी ठेवून गेला, एवढंच कळलं.

सत्यभामा मुक्ताबाईंना भेटायला गेली; गावच्या नात्यानं ती त्यांना मामी म्हणायची. मुक्ताबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. सगळं ऐकेपर्यंत सूप थांबलं नाही. ऐकून झाल्यावर थांबलं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"मामाला. आन् तुमाला, मामी."

"मग हितंच थांब." मुक्ताबाईंनी आवाज खाली आणला. "आता तोटीचं पाणी किती हाय म्हणालीस?"

"लिटरला तीन मिलिग्रॅमच्या जवळ. दीडच्या आत पायजे."

"आन् बोअरचं?"

"चारच्या वर."

"मग तूच सांग. तीनचं वाईट, पर चारचं त्याच्याहून वाईट. बाया कडेवर लेकरू, डोक्यावर जार घेऊन हितवर कशापायी येतात? भरवसा हाय म्हणून. तू उद्या सभेत म्हणशील मणी मेले. परवा सगळ्या दारापुढच्या हापशाचं चारचं पाणी पितील. म्हणतील, तिकडं बी तेच, हिकडं बी तेच, मग चालायचं कशाला? तुझ्या खऱ्यानं त्यांच्या पोटात जास्तीचं जाईल. ते चालंल का तुला?"

 सत्यभामाला वाटलं होतं मुक्ताबाई खुर्ची राखण्यासाठी नाही म्हणतील. संस्थेची निवडणूक जवळ होती, आणि तसं असतं तर भांडता आलं असतं. पण हे तसं नव्हतं. तसं थोडं असेलही, पण म्हटलं ते चुकीचं नव्हतं.

एसटी वेळेवर नव्हती. फाट्यावर चिंचेखाली बसून तिनं तेच तेच उलटून पालटून पाहिलं. कॉलेजात शिकवलं होतं की नीट मोजलं म्हणजे काम संपलं. आकडा वहीत लिहायचा आणि पान उलटायचं. हा आकडा मात्र वाडीत जाणार होता, घरोघर, आणि तिथं गेल्यावर तो काय करील हे कुठल्या मीटरवर दिसत नव्हतं. न सांगावं तर आजीसारख्या आणखी कितीजणी सगळ्याच्या सगळ्या वळायला लागतील. सांगावं तर त्याच लवकर वळायला लागतील. मग तिला एक गोष्ट खटकली. "मणी मेले" असं मुक्ताबाई म्हणाल्या होत्या, तिनं स्वतःही मनात तेच धरलं होतं. पण तिनं मोजले होते ते वरचे आणि मधले. तळापर्यंत पाईप पोचलाच नव्हता. क्लोरीन वरून खाली येताना खर्च होत येतो. तळाशी तो किती पोचला, हे तिला माहीत नव्हतं. अर्धवट मोजमापावर ती अख्ख्या टाकीचं मरण सांगायला निघाली होती.

एसटी आली. ती चढली नाही. परत वाडीत गेली.

"मामी, टाकीची चावी द्या. आन् घमेलं."

मुक्ताबाई चावी घेऊन स्वतःच निघाल्या. टाकीच्या बुडाशी एक बूच होतं, ते बसवल्यापासून कुणी उघडलं नव्हतं. पान्यानं फिरेना. मुक्ताबाईंनी पदर खोचला, लोखंडी पाईप पान्यात अडकवला आणि दोघींनी मिळून जोर लावला. बूच सुटलं आणि पाण्याबरोबर मणी भसकन घमेल्यात आले, दोघी गुडघ्यापर्यंत भिजल्या. मुक्ताबाईंनी ओंजळीत मणी घेतले. तळहातावर ते पिवळेधमक दिसत होते. वरचे मणी तर पार पांढुरके पडले होते.

"हे जितं हाय का?" त्यांनी विचारलं. "दिसायला तर हाय."

"दिसण्यावर न्हाई सांगता यायचं."

"मग चल. मी बी येते. बघू दे तुझी ती नळी."

मुक्ताबाई प्रयोगशाळेत स्टुलावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. थेंब पडत गेले, आकडा वर जाऊन खाली येत राहिला. मुक्ताबाईंना हे सगळं फार सावकाश वाटलं. एकदा त्या म्हणाल्या, "दोन थेंब संगटच टाक की." सत्यभामानं मान हलवली. बाहेर ऊन कलंडलं. नव्या मण्यांनी जिथं उडी मारली होती त्याच्या थोडं अलीकडं तळाच्या मण्यांनी उडी मारली.

"जितं हाय," सत्यभामा म्हणाली आणि तिनं वही ओढली.

तिनं हिशेब मांडला. टाकीतला तळाचा साधारण तिसरा हिस्सा धड होता. वरचे मणी काढून टाकले आणि उरलेल्यांवर फक्त बोअरचं पाणी, क्लोरीनशिवाय, सावकाश सोडलं, तर दीडच्या आतलं पाणी मिळणार होतं. पण आता मिळत होतं तेवढं नाही. तिसरा हिस्साच.

"तिसरा हिस्सा कुणाचा?" मुक्ताबाईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "हे मी एकटीनं ठरवायचं न्हाई. सभा घेऊ."

सभा शाळेच्या पटांगणात झाली. संस्थेत प्रत्येक घराचा एक भाग आणि प्रत्येकीला एक मत. पण निम्म्याहून जास्त सभासद ऊसतोडीला परमुलखात होते. इथला ऊस वाळला तरी कृष्णाकाठी तोड चालूच होती. म्हणून समोर बसल्या होत्या त्या बहुतेक म्हाताऱ्या आणि त्यांच्या मांडीवर, पाठीवर नातवंडं. सत्यभामानं सगळं सांगितलं. खुंट्यांचं, वरच्या मण्यांचं, तळाच्या मण्यांचं. पाणी आज बोअरपेक्षा बरं आहे पण चांगलं नाही, हेही सांगितलं. कुणाचं नाव तिनं घेतलं नाही.

नाव निघायचं ते निघालंच. मागून एकजण म्हणाली, "टाकी उत्तरेश्वर सांभाळतो न्हवं? मग त्यानं काय केलं?" दुसरी म्हणाली, "बादलीनं टाकायचा तो पावडर. मी बघितलंय." आवाज वाढायला लागला. उत्तरेश्वर सभेला आलेला नव्हता.

मुक्ताबाई उठल्या.

"पावडर टाकायचा ठराव कुणी मांडला? मी मांडला. हात कुणी वर केले? तुमी केले. किती टाकायची, कुठं टाकायची, मण्याला सोसतं का, हे आपण एकीनं तरी विचारलं का? त्याच्या घरातलं माणूस गेलतं, त्याचा हात सैल सुटला. आपण समद्या तिथं पाणी भरत होतो, वास आपल्याला बी येत होता. त्याच्यावर ढकलायचं आसंल तर मी आधी उठते अध्यक्षपदावरून."

 मग दगडाबाई बोलल्या. सभेतल्या सगळ्यात थोरल्या त्या, काठीवर हनुवटी टेकवून बसल्या होत्या, कारण त्यांची पाठ सरळ होत नव्हती.

"सत्यभामा, हे पाणी आता पिऊन माजी पाठ सरळ व्हनार हाय का?"

"न्हाई आजी."

"आन् ह्या पोरीचे दात?" त्यांनी शेजारच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या हनुवटीला हात लावला. "अजून दुधाचेच हायेत."

"तिचे पक्के दात अजून हिरडीत हायेत. तिला चांगलं पाणी मिळालं तर चांगले येतील. हाडं बी वाचतील."

"मग इचारायचं काय ऱ्हायलं?" दगडाबाई म्हणाल्या. "तिसरा हिस्सा लेकरांना. आन् पोटुशा बायांना. आमी टँकरचं पिऊ."

टँकरच्या पाण्यात फ्लोराइड नव्हतं, सत्यभामानं तपासलं होतं; पण त्यात गॅस्ट्रोची धास्ती होती आणि टँकर रोज येईलच याचा भरवसा नव्हता, म्हणून ते लेकरांना नको. ते बोअरमध्ये मिसळत होतं म्हणून वाया जात होतं. ते वेगळ्या टाकीत घ्यायचं, तिथं पावडर टाकायची, म्हाताऱ्यांनी ते प्यायचं. कमी पडलं तर कमी प्यायचं. फिल्टरच्या पाण्यातही पावडर लागणारच होती, पण ती मण्यांतून बाहेर पडल्यावर, आणि मापानं. असं ठरलं. सगळ्या खुशीत नव्हत्या. एका घरानं सांगितलं की आम्ही पूर्ण भाग घेतलाय, आम्हाला पूर्ण जार पाहिजे, आणि ते घर सभेतून उठून गेलं. पुढं त्या घरातली माणसं हापशाचंच पाणी पीत राहिली. मुक्ताबाईंना वाटलेली भीती तेवढ्यापुरती खरी ठरली.

सभेनंतर सत्यभामा उत्तरेश्वरच्या घरी गेली. तो अंगणात बाजेचं सुंभ ताणत बसला होता. मुलगा शहादेव ऊसतोडीला गेल्यावर त्याच्याजवळ राहणारी त्याची नात सुंभाचं दुसरं टोक धरून बसली होती.

"मामा, वरचे मणी काढायचेत. मला एकटीला व्हायचं न्हाई."

"मला कशाला? मी मारले त्यांना."

"पावडर अजून बी लागणारच हाय. टँकरचं पाणी तसंच पाजलं तर परत गॅस्ट्रो येईल. फकस्त जागा बदलायचीय आन् माप ठरवायचंय. तुमच्यावाणी न चुकता टाकणारा माणूस मला दुसरा कुठं मिळंल?"

तो सुंभ ताणत राहिला. "मुक्ताबाई बोलली म्हणं सभेत माझ्यासाठी."

"बोलल्या."

"तिनं बोलायला नको होतं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "पर बोलली." मग नातीच्या हातून टोक घेऊन गाठ मारली आणि पायात चपला घातल्या.

फाल्गुन गेला. ऊसतोडीच्या गाड्या चैत्रात परतल्या. शहादेव उतरला तो सरळ टाकीवरच गेला, कारण वाटेतच कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तुला जार मिळणार नाही. टाकीवर त्याचा बाप आणि सत्यभामा दोघंही होते.

"आमी सहा महिने कोयता चालवायचा आन् तुमी हितं बसून आमचं पाणी वाटायचं?" त्याचा आवाज चढला होता. "माझ्या बायकोच्या नावावर भाग हाय. आमाला इचारलं का कुणी? फोन न्हवते का?"

"तुझ्याच पोरीला दिलंय पाणी," उत्तरेश्वर म्हणाला.

"ते बरं केलं. मी त्याच्यावर कुठं बोलायलोय? इचारायला पायजे होतं, एवढंच."

सत्यभामाला वाटलं, ह्याला काय समजवायचं? मग लक्षात आलं की समजवायचं काहीच नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं. सभा घाईनं घेतली होती, आणि निम्म्या गावाची मतं तोडीवरच्या कोपीत, पाचटाच्या छपराखाली पडलेली होती. तिनं ते मुक्ताबाईंना सांगितलं. मुक्ताबाईंना राग आला, त्या दोन दिवस तिच्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी परत सभा लावली.

या वेळी पटांगण भरलं. सत्यभामानं मीटर आणि मणी सोबतच आणले होते, कारण शहादेवनं तशी अट घातली होती. शाळेतल्या टेबलावर तिनं मोजून दाखवलं. लोक कंटाळून विड्या ओढायला बाहेर गेले आणि परत आले, तरी आकडा ठरायचा होता. शहादेव मात्र सगळा वेळ टेबलाला टेकून उभा राहिला. मत घेतलं तेव्हा पहिलाच निर्णय कायम झाला. त्यात एक भर पडली. पाण्याचा कुठलाही मोठा ठराव यापुढं गाड्या परत आल्यावरच करायचा, आणि अगदीच अडलं तर तोडीवरच्या प्रत्येकीला फोनवर विचारून.

सभा संपता संपता शहादेवनं विचारलं, "एक सांगा ताई. माझी पोरगी हितं ऱ्हाते म्हणून तिला चांगलं पाणी. पर जी लेकरं आमच्यासंगं गाडीत येतात, त्यांचं काय? तिकडं कालव्याचं, इहिरीचं, जे गावंल ते पितात. त्यात काय हाय?"

"मला माहीत न्हाई," सत्यभामा म्हणाली.

सगळ्या पटांगणासमोर हे म्हणताना तिला लाज वाटली नाही. तिनं आजवर तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता, आणि ते मात्र मनाला लागून राहिलं. ती स्वतः आजीजवळ राहिली म्हणून दात डागाळले. तिचा धाकटा भाऊ आईच्या कडेवर बसून तोडीवर जायचा. तिकडं तो कुठलं पाणी प्यायला, हे घरात कुणाला आठवतही नव्हतं.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. बोअरला पाणी चढलं, टँकर बंद झाला. पुढं संस्थेनं टाकीपुरते नवे मणी आणवले. ते भरायच्या आधी उत्तरेश्वरनं सत्यभामाला बोलावून घेतलं आणि नव्या डब्यातले मूठभर मोजून घ्यायला लावले. पावडर तो आता चमच्यानं घालायचा, फिल्टरच्या पुढच्या टाकीत, आणि तरीही घातल्यावर वाकून वास घ्यायचा.

दिवाळी झाली. गाड्या भरायला लागल्या. कोयते, भांडी, वळकट्या, कोंबड्यांचं खुराडं, लेकरं. सत्यभामा सकाळच्या एसटीनं आली, हातात घट्ट बुचाच्या प्लॅस्टिक बाटल्यांची पिशवी. शहादेव गाडीच्या फळीवर उभा राहून दोर आवळत होता.

"कोपी जिथं पडंल तिथल्या पाण्याची एक," तिनं पिशवी वर दिली. "बाटली आधी त्याच पाण्यानं विसळायची, मग भरायची. गाव बदललं की दुसरी बाटली. वर गावाचं नाव लिवायचं."

"लिवतो. आन् आणायच्या कशा? चैत्रापतूर ठिवायच्या?"

"कुणी हिकडं येत आसंल त्याच्या हाती द्यायच्या. मामाकडं पोचल्या की मला मिळतील."

त्यानं पिशवी खुराड्याशेजारी, हादरे बसणार नाहीत अशा ठिकाणी कोंबली. गाडी निघाली. मागं बसलेल्या बायकांत एक पोटुशी होती, ती सत्यभामाकडं बघून हसली.

पहिली बाटली मार्गशीर्षात आली. लग्नाला आलेल्या एका पाहुण्याच्या हाती. शहादेवनं गावाचं नाव कोळशानं लिहिलं होतं, ते अर्धं पुसलं होतं. कारखान्यात तेव्हा गाळप सुरू झालं होतं, प्रयोगशाळेत रसाचे नमुने तासातासाला येत होते. सत्यभामानं दुपारचे नमुने संपवले, टेबल पुसलं आणि ती बाटली समोर घेतली.